सोमवारचा रताळ्याचा डबा

दर सोमवारी पहाटे पाच वाजता दीपमाला रताळी चिरायला बसायची, आणि तिची आई चंद्रभागा अंथरुणातून एकच प्रश्न विचारायची.

"उपास तिचा, अन् उठते तू काऊन?"

प्रश्न रास्त होता. त्या घरात उपास नव्हताच. आदिलाबादच्या त्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि सोमवार म्हणजे फक्त शाळेचा पहिला दिवस. उपास करायची भाग्यलक्ष्मी. ती बाजारहत्नूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका खेड्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत, दीपमालाच्या शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायची. दीपमाला विज्ञानाची. भाग्यलक्ष्मीचं सासर गावातलंच, शाळेपासून पाच मिनिटांवर, कापूस-ज्वारीची शेती असलेलं. दीपमाला मात्र रोज आदिलाबादहून यायची, हायवेपर्यंत बस, पुढे ऑटो, जायला दीड तास अन् यायला दीड तास.

सात वर्षं दोघींची जोडी होती. स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या, या मागच्या जन्मीच्या बहिणी. दीपमालाचा मागच्या जन्मावर काडीचा विश्वास नव्हता, पण ऐकायला बरं वाटायचं. ऐकायला बरं वाटत असलं की माणूस फारशी चौकशी करत नाही.

रताळ्याचं प्रकरण सुरू झालं ते पाच वर्षांपूर्वी. श्रावणातला सोमवार होता. भाग्यलक्ष्मी फळ्यावर कविता लिहिता लिहिता खाली कोसळली. सकाळपासून पोटात दोन कप चहा, बाकी काही नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तर ते इतकं कमी निघालं की डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. उपास सोडा म्हणाल्या. भाग्यलक्ष्मी म्हणाली, जीव सोडते पण महादेवाचा सोमवार सोडत नाही. तेव्हा दीपमालानं तिथल्या तिथं पदर खोचला. म्हणाली, "सोडू नको. पन उपाशी राहू नको. उपासाले काय चालते थे सांग, बाकी माह्यावर सोड."

आणि मग या बाईनं उपास असा शिकून घेतला, की जन्मभर करणाऱ्यांनाही तेवढा ठाऊक नसेल. हळद चालत नाही, हिंग चालत नाही, साधं मीठ चालत नाही, सैंधव चालतं. साबुदाणा गरीब बिचारा, नुसता पिठूळ, त्यात घेण्यासारखं काही नाही. रताळ्यात लोह बेताचंच, हे तिला पक्कं माहीत होतं. उगाच वाटेल ते गुण चिकटवणाऱ्यांतली ती नव्हती. पण केशरी गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर, पोट साफ ठेवणारे तंतू आहेत, आणि भूक बराच वेळ धरून ठेवायची ताकद आहे. अ जीवनसत्त्व तेलाच्या सोबतीशिवाय अंगी लागत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तळण माफ. जोडीला मूठभर भाजके शेंगदाणे, अन् एक लिंबू, म्हणजे शेंगदाण्यातलं लोह रक्तात उतरतं. असा तिनं हिशोबशीर डबा बसवला. उकडलेलं रताळं भाग्यलक्ष्मीला कंटाळवाणं वाटायचं, तेव्हा फिंगरचिप्स. शाळेतल्या पोरांना आवडतात तसे, पण रताळ्याचे.

आता रताळ्याचे फिंगरचिप्स करणं म्हणजे बटाट्याचे करणं नव्हे. रताळं गोड असतं, त्यामुळे झटकन काळं पडतं, आणि आतून ओलं असतं, त्यामुळे लुळं पडतं. पहिल्या तीन सोमवारी दीपमालाचे चिप्स एकतर कोळसा झाले नाहीतर चिखल. चौथ्या सोमवारी तिनं विज्ञानाचं डोकं लावलं. सारख्या जाडीच्या, करंगळीएवढ्या फोडी. साल ठेवायची, कारण तंतू सालीत असतात. गार पाण्यात अर्धा तास, दोनदा पाणी बदलून, म्हणजे वरचं पिठूळ निघून जातं. मग सुती फडक्यावर पसरून खडखडीत कोरडं करायचं. बाजारातले लोक मक्याचं पीठ लावतात, ते उपासाला चालत नाही. म्हणून साबुदाणा मिक्सरला वाटून त्याचं पीठ नुसतं भुरभुरवायचं. एकदा मंद आचेवर शिजेपर्यंत तळायचं, काढून गार करायचं, पुन्हा मोठ्या आचेवर रंग येईपर्यंत. मीठ अगदी शेवटी, जिरेपुडीबरोबर, नाहीतर पाणी सुटतं. या सगळ्यासाठी वेगळी कढई आणली, वेगळा झारा आणला, आणि ती कढई इतर दिवशी घरातल्या कुणी वापरायची नाही असा नियम केला. नवरा धम्मदीप, कचेरीत कारकून, तो एकदा त्या कढईत अंड्याचं कालवण करायला निघाला तर घरात रामायण झालं.

"आमाले त्यांच्या चुलीजवळ जाऊ देत नव्हते," चंद्रभागा म्हणाली होती तेव्हा, "अन् तू त्यांची चूल आपल्या घरात आनून बसवली."

"आई, जमाना बदलला," दीपमाला म्हणाली. "भाग्या तशी नाई."

दुपारच्या सुट्टीत भाग्यलक्ष्मी डबा घेऊन घरी जायची. महादेवापुढे हात जोडल्याशिवाय घास घेत नाही, म्हणायची. मंगळवारी डबा घासूनपुसून परत यायचा, आणि त्यात घरच्या म्हशीचं घट्ट दही असायचं. "काय कुरकुरीत होते दीपा! बोटं चाटत राह्यले मी." दीपमाला विज्ञान शिकवायची. पहाटे तळलेला, डब्यात कोंडलेला रताळ्याचा तुकडा दुपारी एक वाजता कुरकुरीत राहणं शक्य नाही, हे तिनं सातवीच्या पोरालाही समजावून सांगितलं असतं. स्वतःला मात्र सांगितलं नाही. उलट सहा महिन्यांनी भाग्यलक्ष्मीचं रक्त वाढल्याचा कागद आला, तेव्हा तो कागद तिनं स्वतःच्या पोरीच्या प्रगतिपुस्तकासारखा दोनदा वाचला.

तर अशी ही दोस्ती. आणि यंदा संक्रांत झाल्यावर बदल्यांसाठी रिकाम्या जागांची यादी निघाली.

आदिलाबादेत, दीपमालाच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी झाली होती. तिची नोकरीची वर्षं धरता जागा तिलाच मिळणार, हे मंडल ऑफिसातला शिपाईही सांगत होता. रोजचे तीन तास वाचणार होते. चंद्रभागेचे गुडघे गेले होते, तिला दुपारी कुणी पाणी द्यायला नव्हतं. फोनवरून अर्ज भरायचा, बस्स. शेवटची मुदत होती महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

भाग्यलक्ष्मीला हे कळलं आणि तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दीपमालाचा हात धरून हुंदके दिले. "तू गेली तं सोमवारी मले कोन खाऊ घालंल? मरून जाईन मी, दीपा."

दीपमालानं अर्ज भरायचा नाही असं ठरवलं. धम्मदीपला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आईले सांग तूच." तिनं आईला सांगितलं. चंद्रभागेनं गुडघ्यावरचा हात काढला नाही.

महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी भाग्यलक्ष्मी शाळेत आली नाही. ताप आहे, असा निरोप आला. ताप, त्यात उपास, आणि डबा इथं आपल्या पिशवीत! दुपारची घंटा होताच दीपमाला डबा घेऊन निघाली. गावातल्या कुणालाही विचारलं तरी घर दाखवलं असतं. रस्त्यात तिच्या लक्षात आलं की सात वर्षांत आपण या घरी एकदाही आलो नाही. भाग्यलक्ष्मी नेहमी म्हणायची, आमच्या घरी पसारा असतो, शेतकऱ्याचं घर, तू कायले येते.

अंगणात भाग्यलक्ष्मीची सासू जयवंताबाई कापूस निवडत बसली होती. पांढऱ्या ढिगातून काडीकचरा काढून बाजूला टाकत होती. एका कडेला गोठा, दावणीला एकच म्हैस, काळीभोर, तुकतुकीत.

"मावशी, मी शाळेतली. दीपमाला."

म्हातारीचा चेहरा उजळला. "अव्वा, रताळेवाल्या मॅडम! या, या. किती दिवसाचं मनात होतं, तुमाले पाहावं म्हून."

दीपमाला सुखावली. घरात आपलं नाव निघतं तर!

"भाग्याला ताप आहे ना? तिचा डबा घेऊन आले."

"आनला? तं ठेवा थ्या गव्हाणीवर. म्हैस सकाळपासून वाट पाहून राह्यली. मुकं जनावर, पन सोमवार बरोबर समजते तिले."

दीपमालाला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. ती हसलीसुद्धा. "मावशी, भाग्यासाठी आणलंय. उपास आहे ना तिचा."

"तिचे ती करून राह्यली ना आत. हे तं म्हशीचे." जयवंताबाई उठली, कमरेला हात लावून जवळ आली, आणि दीपमालाच्या हातातून डबा आपणच घेतला. "भाग्यानं सांगितलं आमाले. आमच्या मॅडमनं पुस्तकात वाचलं म्हने, रताळ्यानं दूध वाढते, म्हून खास म्हशीसाठी धाडतात. अन् खरंच वाढलं बाप्पा! देव तुमचं भलं करो." तिनं झाकण काढलं. वरचं अख्खं लिंबू काढून कनवटीला लावलं. "हे राहू द्या मले लोनच्याले." आणि बाकीचा डबा, साल ठेवलेल्या, दोनदा धुतलेल्या, दोनदा तळलेल्या फोडी, मूठभर शेंगदाणे, सैंधव, जिरेपूड, सगळं गव्हाणीत उपडं केलं.

म्हशीनं मान खाली घातली. दोन घासांत काम तमाम. कुरकुर असा आवाज काही आला नाही.

"एक सांगू का मॅडम? राग नका मानू," जयवंताबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. कपट असतं तर सोसवलं असतं. "जनावरासाठी इतकं चिरनं, तळनं कायले करता? तेल वाया जाते. कच्चेच आनत जा. कच्चे आनले असते तं आमी बी खाल्ले असते. कच्च्याले काय होते!"

कच्च्याला काही होत नाही, हे दीपमालाला माहीत होतं. अख्खं लिंबू चालतं, शेतातलं धान्य चालतं, म्हशीचं दूध काढलेले हात चालतात. चुलीवर चढलं की मात्र ज्यानं चढवलं त्याची जात त्याला लागते. हे ती लहानपणापासून जाणून होती. फक्त भाग्यलक्ष्मीच्या बाबतीत विसरली होती, आणि विसरली होती ती आनंदानं.

तेवढ्यात घरातून वास आला. शेंगदाण्याच्या तेलाचा, जिरेपुडीचा, मोठ्या आचेवर दुसऱ्यांदा तळलेल्या रताळ्याचा. तो वास तिनं कुठंही ओळखला असता.

"आत्याबाई, झाले पाहा, गरम गरम..." असं म्हणत भाग्यलक्ष्मी स्टीलची ताटली घेऊन बाहेर आली. ताप असेलही, डोळे लाल होते. दीपमालाला पाहून ती उंबऱ्यावरच थांबली. गव्हाणीशी पडलेला रिकामा डबा तिनं पाहिला.

जयवंताबाई म्हणाली, "उभी काय राह्यली? मॅडमले दे ना थोडे. द्रोणात दे."

आणि भाग्यलक्ष्मी आत गेली. घरात ताटल्या नव्हत्या असं नाही, मांडणीवर थप्पी दिसत होती. ती पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन आली, त्यात पाच-सहा चिप्स घातले, आणि दीपमालाच्या पुढे केले. ताटली नाही, द्रोणच पुढे आला.

दीपमालानं एक उचलून खाल्ला. हुबेहूब तिचाच, तिनंच भाग्यलक्ष्मीला हौसेनं सांगितलेल्या रीतीचा. तीच जाडी, तीच साल, तेच साबुदाण्याचं पीठ. मीठ तेवढं कमी होतं.

"ही रीत माह्या सुनेनं काढली," जयवंताबाई कौतुकानं सांगत होती. "डोकं हाय तिले. साऱ्या गावच्या बायांनी शिकून घेतली. शिवरात्रीले देवळात फराळाले आता हेच राह्यते."

म्हणजे डोक्यातलं चाललं होतं. देवळापर्यंत चाललं होतं. हातचं तेवढं म्हशीला.

दीपमालानं द्रोण ओसरीच्या कडेला ठेवला, डबा उचलला, आणि म्हणाली, "येते मावशी." भाग्यलक्ष्मी फाटकापर्यंत मागे आली. "दीपा, ऐक ना. दीपा."

"ताप कसा आहे?"

"उतरला."

"बरं झालं."

शाळा सुटल्यावर परतीच्या बसमध्ये तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहू लागली. भाग्यलक्ष्मीनं तिला सात वर्षं खाऊ घातलं होतं. तिळाचे लाडू, कोवळा हुरडा, मंगळवारचं दही. घेतलं मात्र एक कणही नव्हतं. स्टाफरूमचा चहा हॉटेलातून कागदी कपात यायचा. दीपमालाच्या घरी ती एकदाच आली होती, तेव्हा पोट बिघडलं होतं म्हणे, आणि पाण्याची बाटली सोबत होती. देणारी बाई दिलदार दिसते. ती घेते का, हे कोण पाहतं? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि ते दही! आपल्याच रताळ्यावर पोसलेल्या म्हशीचं दही आपण मंगळवारी मिटक्या मारत खाल्लं. तिला वाटलं, आता या घटकेला बस थांबवून खाली उतरावं आणि पोटातलं सगळं बाहेर काढावं.

घरी तिनं आईला सांगितलं. वाटलं होतं, आई म्हणेल, मी सांगत नव्हते? चंद्रभागा तसं म्हणाली नाही. ती पायाला तेल चोळत राहिली.

"आमाले वरून टाकत," ती म्हणाली. "दिवसभर रताळे खनून दिले, तं संध्याकाळी भाकर वरून टाकत, पदरात. थे बरं होतं असं नाई म्हनत मी. पन आमाले मालूम होतं, हे आपले नाई. तुले तं हासून फसवलं, माय."

मंगळवारी भाग्यलक्ष्मी शाळेत आली. मधल्या सुट्टीत तिनं दीपमालाला शाळेमागच्या कडुलिंबाखाली ओढत नेलं. दही आणलं नव्हतं, एवढी लाज तिला होती.

"पह्यल्या सोमवारी डबा घरी नेला. आत्याबाईनं इचारलं, कोनं केलं? मी खरं सांगितलं. त्या भांडल्या नाई, काई नाई. फक्त म्हनल्या, उपास मोडंल. मंग काय करू मी? थ्या घरात राहाचं हाय मले. अन् तुले कसं सांगू? तू पहाटे उठून करते. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का जीभ उचलत नव्हती. म्हून म्हशीचं सांगितलं त्यायले. पन दीपा, मी फेकले नाई कधी! एक बी सोमवार फेकले नाई."

ती हे असं सांगत होती की जणू याबद्दल तिचे आभार मानायला हवेत.

"शाळा ते घर पाच मिनिटांचा रस्ता आहे," दीपमाला म्हणाली. "थ्या रस्त्यात तुझी सासू नव्हती. पाच वर्षांत, रस्त्यात, एक तरी उचलून तोंडात टाकला?"

भाग्यलक्ष्मीनं डोळे खाली केले. झाडाच्या सालीवर नखानं ओरखडे काढत राहिली. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

मग ती रडली. खरं रडली, हे दीपमालालाही दिसत होतं. "चुकलं माह्यं. सासूचं नाव कायले घेऊ, माह्यंच मन उचललं नाई. पन आता उचलन. येत्या सोमवारी आन तू डबा. स्टाफरूममधी, साऱ्यायसमोर खाते. घरी समजलं तं समजू दे. पन तू जाऊ नको, दीपा. अर्ज भरू नको."

आता शहाण्या बाईनं इथंच राम राम करायला हवा होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. पण सात वर्षांची सवय ही काही अंगावरची साडी नव्हे, सोडली आणि दुसरी नेसली. शिवाय दीपमालाला खरंच हवं होतं. कुणीतरी आपल्या हातचं सगळ्यांसमोर खावं, एवढंच हवं होतं. त्यापुढे पंधरा मिनिटांवरची शाळा तिला फिकी वाटत होती. इतकी साधी गोष्ट इतकी हवीशी वाटावी याचीच तिला चीड आली. पण हवी होती, हे खरं.

तिनं अर्ज भरला नाही. रविवारी इचोड्याच्या बाजारातून केशरी गराची रताळी निवडून आणली. सोमवारी पहाटे पाचला उठली.

आज चंद्रभागेनं प्रश्न विचारला नाही. ती भिंतीला धरत उठली, सुती फडकं पसरून बसली आणि धुतलेल्या फोडी एकेक करून पुसू लागली. "तिनं खाल्लं तं चांगलंच हाय," ती म्हणाली. "पन नीट पाह्यजो. खाते का, अन् कसं खाते."

शाळेत सकाळभर दीपमालाचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. दुपारची घंटा झाली. स्टाफरूममध्ये महिपत सर होते, अजून दोघी बाया होत्या. दीपमालानं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. भाग्यलक्ष्मी समोर बसली होती. तिनं डब्याकडे पाहिलं, हसली, आणि वह्या तपासू लागली.

"खाते ना," ती म्हणाली. "एवढ्या दोन वह्या होऊ दे."

महिपत सर पोरांच्या जेवणाच्या रांगेकडे गेले. एक बाई हात धुवायला गेली, दुसरी फोन आला म्हणून मैदानात. भाग्यलक्ष्मीच्या दोन वह्या लगेच झाल्या. पोरांचा स्वयंपाक करणारी गावातली बयनाबाई वरणाची बादली घेऊन व्हरांड्यातून येताना दिसली.

भाग्यलक्ष्मी उठली. दाराशी गेली, ते लोटलं, आणि आतून कडी घातली. मग परत येऊन बसली, एक चिप्स उचलला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. दुसरा उचलला. तोही खाल्ला. तिसरा खाल्ला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्यावर मोठं संकट पार पाडल्याची सुटका होती.

"पाह्य, खाल्ले," ती म्हणाली. "झालं ना आता? आता तं नाई जानार?"

दीपमाला तिच्याकडे पाहत होती. खाल्ले होते. महादेवाच्या सोमवारी, तिच्या हातचे, तीन तुकडे खाल्ले होते. भाग्यलक्ष्मीच्या लेखी हे फार मोठं होतं, हेही तिला कळत होतं. आठ दिवसांपूर्वी एवढ्यावर तिनं तिला मिठी मारली असती.

"दार काऊन लावलं?"

"बयनाबाई येत होती ना." भाग्यलक्ष्मीनं पदरानं तोंड पुसलं, ओठांचे कोपरे पुसले, जिरेपुडीचा कण राहू नये म्हणून बोटंही पुसली. "तुले मालूम हाय, थे गावभर करते."

"तू म्हणाली होती, साऱ्यायसमोर."

"दीपा, खाल्ले ना मी! अजून काय पाह्यजे तुले?"

"काही नाही," दीपमाला म्हणाली. "तुले माह्या हातचं खायची लाज वाटते, भाग्या. पाच वर्षं खोटं बोलली, त्याची नाई वाटली."

तिनं उठून कडी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. व्हरांड्याच्या पायरीवर पोरं ताटं घेऊन बसली होती, त्यांच्यात जागा करून ती बसली. मांडीवर डबा ठेवला. पोरांनी हात घातला, तिनं घालू दिला. मग पिशवीतून फोन काढला, बदलीचा अर्ज उघडला, आदिलाबादच्या शाळेचं नाव निवडलं आणि पाठवून दिला. पाच वाजायला अजून चार तास होते, पण थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आतून भाग्यलक्ष्मी तिला हाका मारत होती, "दीपा, ए दीपा," अगदी हळू आवाजात, बयनाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून.